छे गं, तुला कसला ऑटिझम!

थर्ड इयरच्या गॅदरिंगला डी.जे. होता हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. मला तो जरा जास्तच आठवतो. रात्री साडेनऊला मी ग्राउंडवरून निघाले, मुलींच्या हॉस्टेलच्या गच्चीवर गेले आणि पाण्याच्या टाकीमागे बसले ती पहाटे खाली उतरले. त्यानंतर चार दिवस मला बोलता येत नव्हतं. बोलायचं नव्हतं असं नाही, येत नव्हतं. शब्द डोक्यात तयार व्हायचे आणि घशाशी येऊन थांबायचे. त्या चार दिवसांत माझी एक युनिट टेस्ट बुडाली, दोन जर्नल तपासायची राहिली आणि माझ्याबद्दल हॉस्टेलमध्ये तीन थिअऱ्या तयार झाल्या. एक, प्रेमभंग. दोन, घरी लग्न ठरवलंय. तीन, नाटकं! रेक्टर मॅडमचा कल तिसरीकडे होता. (मॅडम, हे छापायला तुम्हीच परवानगी दिलीत, त्याबद्दल आभार.)

खरं कारण कळायला पुढे नऊ महिने लागले. कारण होतं ऑटिझम. ऑटिझम म्हणजे काय हे या लेखात थोडं सांगणार आहे. तो आपल्याला असावा अशी शंका विसाव्या वर्षी आली तर ती कुणाला पटवून देणं किती अवघड असतं, हे जास्त.

आधी नावाबद्दल. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. ‘ऑटोस’ म्हणजे ग्रीकमध्ये ‘स्वतः’. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यावरून ‘ऑटिझम’ शब्द केला, तोही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांबद्दल बोलताना. मराठी शब्द त्याचं इमानदार भाषांतर आहे, पण दिशाभूल करतो. स्वमग्न म्हटलं की स्वतःत गुंग, जगाशी देणंघेणं नसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. माझी अडचण नेमकी उलटी आहे. बाहेरचं सगळं एकदम आत येतं आणि ते थांबवायचं बटण सापडत नाही.

ई. अँड टी.सी.वाल्यांना हे एका वाक्यात कळेल: माझ्यात ए.जी.सी. नाही. बाकीच्यांसाठी सांगते. रेडिओत ऑटोमॅटिक गेन कंट्रोल नावाचं सर्किट असतं. सिग्नल जोरात आला की ते गेन कमी करतं, क्षीण आला की वाढवतं, त्यामुळे स्पीकरमधून आवाज साधारण एकसारखा येतो. तुमच्या डोक्यातही असं काहीतरी असावं. म्हणून पंखा लावला की पाच मिनिटांत तो तुम्हाला ऐकू येईनासा होतो. मला तो रात्रभर ऐकू येतो. ट्यूबलाइटचा चोक ऐकू येतो. मेसमध्ये स्टीलची ताटं एकमेकांवर आपटतात तो आवाज तर दातात शिरतो. समोरची मैत्रीण काय बोलते ते आणि मागच्या टेबलावरचं बोलणं मला एकाच व्हॉल्यूमने येतं. मग मी ‘हं, हं’ करत राहते आणि ‘हिचं लक्षच नसतं’ हे ऐकून घेते.

दुसरी गोष्ट माणसांशी वागण्याची. कुणाच्या डोळ्यांत किती वेळ बघायचं, ‘जेवलीस का?’ हा प्रश्न आहे की नुसतं नमस्कारासारखं आहे, कोण थट्टा करतंय आणि कोण खरंच चिडलंय, हे तुम्हाला आपोआप कळतं. तुमच्याकडे त्यासाठी हार्डवेअर आहे. मी तेच काम सॉफ्टवेअरमध्ये करते. आउटपुट जवळजवळ तोच येतो, पण प्रोसेसर तापतो. दिवसभर लेक्चर, प्रॅक्टिकल आणि कॅन्टीन झालं की संध्याकाळी मी दार लावून अंधारात पडून राहते. त्याला नाव पडलं ‘ॲटिट्यूड’.

तिसरी गोष्ट, ठरलेल्यात बदल झाला की होणारी घालमेल. टाइमटेबल बदलल्याची नोटीस लागली की मला शब्दशः मळमळतं. आणि चौथी, एखाद्या विषयाचं वेड. माझं जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओचं आहे, हे वरच्या ए.जी.सी.वरून चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच.

शंका आली कशी? माझ्या रूम पार्टनरच्या मावसबहिणीच्या चार वर्षांच्या मुलाला ऑटिझम असल्याचं कळलं. तिने घरून पालकांसाठीची एक मराठी पुस्तिका आणली होती, ती टेबलावर पडलेली मी सहज उचलली. वाचता वाचता वाटलं, हे कुणीतरी माझ्या बालवाडीत बसून लिहिलंय.

मग सुरू झाली वणवण. पहिल्यांदा शहरातल्या एका समुपदेशक बाईंकडे गेले. जाताना बसमध्ये चाळीस मिनिटं मी काय बोलायचं त्याची उजळणी करत होते: पहिलं वाक्य, दुसरं वाक्य, कुठे हसायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, प्रेमाने हात धरला (मला अजिबात आवडलं नाही) आणि म्हणाल्या, “छे गं, तुला कसला ऑटिझम! किती छान बोलतेस तू!” म्हणजे पाठांतर नीट झालं होतं म्हणून मी नापास!

सुट्टीत घरी गेल्यावर आमच्या नेहमीच्या डॉक्टरकाकांना विचारलं. त्यांनी मला लहानपणापासून पाहिलेलं. म्हणाले, “अगं, तू पहिल्यापासूनच शांत. मुलीच्या जातीला चांगलंच ते. लग्न झालं की होईल सगळं व्यवस्थित.” आईने मान डोलावली. विषय संपला.

तिसरे एक मनोविकारतज्ज्ञ. आठवडाभर आधी नंबर लावला, अडीच तास बाकावर बसले, आत सहा मिनिटं मिळाली. ‘ऑटिझम’ शब्द ऐकताच ते हसले. “कुठे वाचलंस? हा लहान मुलांचा आजार आहे. आणि हे बघ, तू मतिमंद नाहीस आणि आइन्स्टाइनही नाहीस. मग कसला ऑटिझम?” आइन्स्टाइन नाही हे मला मान्यच होतं, एम-थ्री मध्ये माझी के.टी. होती. त्यांनी चिंता कमी करायच्या गोळ्या दिल्या. गोळ्या चुकीच्या नव्हत्या हे आता कळतं. ऑटिझम असलेल्या मोठ्या माणसांत चिंता आणि नैराश्य खूप आढळतं. पण डी.जे.मुळे तापलेल्या डोक्याला चिंतेचा रोगी ठरवलं की मूळ दुखणं तसंच राहतं. खुद्द ऑटिझमवर गोळी नाही.

‘लहान मुलांचा आजार’ हे आलं कुठून? याला इतिहास आहे. १९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांवर एक लेख लिहिला, आठ मुलगे आणि तीन मुली. तिथून ऑटिझमचं आधुनिक वर्णन सुरू झालं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या हान्स ॲस्पर्गर यांनी अस्खलित बोलणाऱ्या, पण समवयस्कांत न मिसळणाऱ्या मुलांचं वर्णन केलं. ते जर्मनमध्ये असल्याने इंग्रजी जगाने फारसं वाचलंच नाही. १९८१ मध्ये लॉर्ना विंग या ब्रिटिश डॉक्टर बाईंनी ते उकरून काढलं. त्यांची स्वतःची मुलगी ऑटिस्टिक होती. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या ‘डी.एस.एम.’ या निदान-पुस्तकात १९८० साली जे नाव होतं त्यात ‘शैशवातील’ असाच शब्द होता. १९९४ च्या आवृत्तीत ॲस्पर्गर सिंड्रोम वेगळा आला आणि २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत सगळं एकत्र करून ‘ऑटिझम स्पेक्ट्रम’ झालं. ज्या डॉक्टरांचं शिक्षण जुन्या पुस्तकांवर झालं, त्यांच्या डोळ्यांसमोर एका कोपऱ्यात डुलणारं, न बोलणारं चार वर्षांचं मूलच येतं. त्यांना सगळा दोष देता येत नाही. पण साधा प्रश्न आहे: ती मुलं पुढे मोठी होत नाहीत का? कॅनर यांच्या लेखातलं पहिलं मूल म्हणजे डोनाल्ड ट्रिपलेट. हा गृहस्थ मिसिसिपीतल्या आपल्या गावी बँकेत नोकरी करत होता, गोल्फ खेळत होता, एकट्याने जग फिरत होता. २०२३ मध्ये एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. ऑटिझम त्याच्यासोबत एकोणनव्वद वर्षं होता.

आणखी एक. लक्षणं लहानपणापासून असायला हवीत, असं पाचवी आवृत्ती म्हणते. पण त्याच दमात असंही म्हणते की भोवतालच्या अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत ती पूर्ण दिसणार नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे झाकली जातील. गावातलं घर, तीच शाळा, त्याच चार मैत्रिणी, तोवर माझं भागलं. हॉस्टेलला आले, एका खोलीत तिघी, मेस, ग्रुप प्रोजेक्ट, वायवा, आणि सर्किट जळालं. संवेदनांचा त्रास म्हणजे आवाज, उजेड, स्पर्श यांचा मुद्दाही २०१३ मध्येच निकषांत आला. त्याआधी माझ्या चोकच्या आवाजाला या पुस्तकात जागाच नव्हती.

मुलींचं दुखणं वेगळंच. पूर्वी चार मुलग्यांमागे एक मुलगी असं प्रमाण सांगायचे. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा ते तिनास एकच्या जवळ निघालं, आणि मुलींचं निदान हुकतं हेही त्यातून दिसलं. का हुकतं हे मला कुणी सांगायला नको. मुलगा कुणाशी बोलत नाही, मान खाली घालून बसतो, म्हणजे काहीतरी बिघडलंय. मुलगी तशीच बसली की शहाणी! पाहुणे आले की मला बक्षीस म्हणून बाहेर बोलवायचे, ‘बघा किती शांत आहे.’ जे लक्षण होतं त्याचंच कौतुक झालं, आणि कौतुक होतं म्हणून मी ते आणखी घोटून घेतलं.

आता डॉक्टरांच्या बाजूने थोडं. हल्ली नेटवरची चाचणी सोडवून ‘मला ऑटिझम आहे’ म्हणणारे बरेच येतात, असा त्यांचा वैताग असतो. मीही चाचणी सोडवूनच गेले होते. ए.क्यू. नावाची ही ५० प्रश्नांची चाचणी केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन यांच्या गटाने २००१ मध्ये काढली. निदान झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांना ३२ किंवा जास्त गुण मिळाले, सर्वसाधारण लोकांत फक्त २ टक्क्यांना. वाटतं, वा, काय छान चाळणी! पण जरा हिशेब करा. समजा कॉलेजात २००० विद्यार्थी आहेत आणि शंभरात एक ऑटिस्टिक आहे. (जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ सालचा अंदाज १२७ मध्ये एक असा आहे, आपण सोपा आकडा घेऊ.) म्हणजे २० जण. त्यांतले १६ चाळणीत अडकतील. उरलेल्या १९८० पैकी २ टक्के, म्हणजे जवळपास ४० जणही अडकतील. एकूण ५६, त्यांत खरे १६. शिवाय खरे असलेले ४ जण चाळणीतून निसटले ते वेगळेच! आणि त्याच अभ्यासात केंब्रिजचे विज्ञान-गणिताचे विद्यार्थी कला शाखेपेक्षा जास्त गुण मिळवून बसले होते, तेव्हा इंजिनिअरिंग कॉलेजात जपूनच. म्हणून चाचणीचा कागद टेबलावर टाकून ‘लिहून द्या’ म्हणणं चूक आहे. पण ‘नेटवर वाचून आलीस’ म्हणून सहा मिनिटांत बाहेर काढणं हीही तपासणी नव्हे. चाळणीत सापडला की पुढची तपासणी करायची, एवढाच चाळणीचा अर्थ.

ती पुढची तपासणी अखेर झाली. रूम पार्टनरच्या बहिणीने ज्यांच्याकडे मुलाला नेलं होतं, त्यांच्याच ओळखीतल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाई मोठ्यांनाही तपासतात असं कळलं. रक्त नाही, एम.आर.आय. नाही. ऑटिझम दाखवणारी अशी चाचणीच नाही. तीन बैठका झाल्या. एका बैठकीत ए.डी.ओ.एस. नावाची पद्धत वापरली, तिचा चौथा भाग नीट बोलता येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी असतो. गप्पा माराव्या तसं चालतं, पण तुम्ही काय बोलता याबरोबरच कसं बोलता हे पाहिलं जातं. बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, “इथे यायच्या आधी किती वेळ प्रॅक्टिस केलीस?” मी रडायला लागले. तोपर्यंत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पण त्यांना माझं लहानपण हवं होतं, आणि ते माझ्याकडे नव्हतं, आईकडे होतं. आईला आणणं हे सगळ्या डॉक्टरांपेक्षा अवघड काम. तिला आधी वाटलं ‘तारे जमीन पर’मधल्यासारखं काहीतरी. (त्यात डिस्लेक्सिया होता, तो वेगळा.) मग वाटलं, गावात कळलं तर स्थळं येणार नाहीत. शेवटी आली, पण खुर्चीत अशी बसली जणू माझ्यावर केस चालू आहे आणि ती बचावाची साक्षीदार आहे. “आमची मुलगी अगदी नॉर्मल आहे. कुणाला उलट उत्तर नाही दिलं कधी.” बाई काही म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने विचारलं, “लहानपणी काय खेळायची?”

“भातुकली,” आई म्हणाली. मग थांबली. “खेळायची नाही. मांडायची.”

पितळेची भांडी उंचीप्रमाणे ओळीत. मामेबहिणीने एक हलवलं की संध्याकाळपर्यंत आकांत. बालवाडीत वर्षभर एक शब्द नाही, घरी मात्र रेडिओवरच्या जाहिराती जशाच्या तशा. दिवाळीत फटाके सुरू झाले की धान्याच्या कणगीमागे. कपड्याच्या कॉलरमागचं लेबल कापल्याशिवाय अंगात घालायची नाही. आई दीड तास बोलत होती. शेवटी म्हणाली, “आमच्या वन्सं पण अशाच. त्यांना तर देवऋषाकडे नेलं होतं.”

वन्सं म्हणजे माझी आत्या. अठ्ठावन्न वर्षांची, लग्न झालं आणि वर्षभरात परत आली. बोलते मोजकं, खाते तेच ते, आणि आमच्या घराला लागून असलेली पिठाची गिरणी सुरू झाली की उठून गोठ्यात जाऊन बसते. गावात तिला ‘घुमी’ म्हणतात. हे जरा चांगलं नाव, दुसरी लिहीत नाही. तिचं निदान कुणी केलेलं नाही, मीही इथे करणार नाही. ऑटिझममध्ये अनुवंशाचा वाटा मोठा असतो एवढंच पुस्तकातलं सांगते.

रिपोर्ट हातात आला तेव्हा हॉस्टेलमध्ये दोन प्रश्न आले. पहिला, “मग आता बरी कधी होणार?” बरं व्हायचं यात काही नाही. दुसरा जास्त वेळा आला: “इतकी वर्षं निभावलंस ना, मग कागद कशाला हवा होता?” याचं उत्तर मला नीट देता यावं म्हणून तर हा लेख. निभावलं म्हणजे काय केलं? रोज प्रत्येक गोष्ट स्वभावाच्या खात्यावर जमा झाली. आळशी, शिष्ट, माणूसघाणी, नाटकी. ही नावं मी स्वतःलाही लावत होते, आणि गच्चीवरच्या त्या रात्री मी नुसती बसले नव्हते, कठड्याकडेही बघत होते. हे मी आईला अजून सांगितलेलं नाही. (अंकाची प्रत घरी जाणार आहे, म्हणजे आता कळेल.) अशी वेळ कुणावर आली तर ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

सरकारी कागदाचं थोडक्यात. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत त्याचं नाव आहे. तो कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला. प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण, म्हणजे कमीत कमी ४० आणि जास्तीत जास्त २००. सत्तरच्या खाली असाल तर ऑटिझम नाही. गुण देताना भर दिसण्यावर: नजर देतो का, एकटा राहतो का, हातवारे करतो का. ज्याने वीस वर्षं न दिसण्याचीच तालीम केली त्याचं काय, हे त्या तक्त्यात बसत नाही. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळू शकतात. मी अजून अर्ज केलेला नाही. करावा की नाही यावर माझं आणि आईचं एकमत नाही, आणि खरं सांगायचं तर माझं माझ्याशीही नाही.

बाकी कागदाशिवायही बरंच झालं. रेक्टर मॅडमनी खोलीतली ट्यूब काढून एल.ई.डी. लावून दिली. मेसच्या मावशी मला सात वाजता, गर्दीच्या आधी, ताट वाढतात. आमच्या विभागातल्या एका सरांनी वायवाला प्रश्न कागदावर लिहून दिले आणि म्हणाले, “लिही, मग वाचून दाखव.” सबंध कॉलेजात पहिल्यांदा मला वायवात वीसपैकी सतरा मिळाले. कानात बोळे घालून मी यंदाच्या गॅदरिंगला पाऊण तास बसले आणि ठरवल्याप्रमाणे उठून आले. कुणी थिअरी मांडली नाही.

गेल्या रविवारी आईचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, वन्संची खाट गिरणीच्या भिंतीकडून काढून वर माडीवर हलवली. मी विचारलं, आत्या काय म्हणाली? आई म्हणाली, “काही नाही. आपलं पांघरूण उचललं आणि गेल्या वर.”